वडिलांचा आहार त्यांच्या रिपोर्टवरून आणि घरच्या वाटीवरून ठरवा

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मुलानं विचारलाय. वडील ६३ वर्षांचे, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. शुगर १४ वर्षांपासून, बीपीची गोळी चालू. गेल्या महिन्यात न्यूमोनिया झाला म्हणून बेळगावात अ‍ॅडमिट होते. घरी सोडताना क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) १.९ आणि पोटॅशियम ५.४ होतं, म्हणजे दोन्ही वाढलेलं. वर्षभरात सहा किलो वजन उतरलंय. डिस्चार्जच्या कागदांबरोबर इंग्रजीतला दोन पानी डाएट चार्ट मिळाला: १५०० कॅलरी, सकाळी ओट्स, अकराला नारळपाणी, दुपारी ब्राऊन ब्रेड आणि सॅलड, भात पूर्ण बंद. घरात दोन्ही वेळा भात शिजतो. वडील चार्ट पाळायचा प्रयत्न करतात आणि अर्धपोटी उठतात. आता एक कंपनी थुंकीच्या नमुन्यातून जनुकं तपासून 'पर्सनलाइज्ड' आहार देतो म्हणतेय, त्याचे बरेच पैसे पडतात. ते घ्यावं का? आणि मुळात रुग्णाच्या उपचारात अशा वैयक्तिक आहाराला काही जागा आहे का?

जागा आहे, आणि मोठी आहे. पण ती त्या कंपनीच्या चाचणीत नाही. तुमच्या वडिलांचा वैयक्तिक आहार त्यांचा रक्ताचा ताजा रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि तुमच्या घरात रोज खरोखर काय शिजतं नि किती वाढलं जातं, यांतून ठरतो. मी बेळगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि या तिन्ही गोष्टी समोर असल्याशिवाय पेशंटला काय खा नि काय नको हे सांगत नाही. तुमच्या हातातला चार्ट यांतली एकही गोष्ट न विचारता दिलेला आहे.

आधी त्या चार्टचंच बघू. १५०० कॅलरी हा आकडा जाड माणसाचं वजन उतरवायला ठीक असेल. ५८ किलो आणि १६५ सेंटिमीटर म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २१.३ येतो. वडील जाड नाहीत, उलट वर्षात शरीराचा जवळजवळ दहावा हिस्सा त्यांनी गमावलाय, वर न्यूमोनियाही काढलाय. त्यांना दर किलोला साधारण ३० कॅलरी, म्हणजे दिवसाला १७०० ते १७५० लागतील. दुसरं, नारळपाणी. पोटॅशियम ५.४ असलेल्या माणसाला रोज शहाळं सांगणं धोक्याचं आहे. एका मध्यम शहाळ्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. किडनी नीट चालत असेल तर ते लघवीतून निघून जातं. क्रिएटिनिन १.९ असताना ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. आपल्याकडे पेशंटला बघायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं घेऊन येतो, त्यात प्रेम असतं. पण या पेशंटला ते द्यायचं नाही.

आहाराच्याही आधी एक गोष्ट करा. थुंकी तपासायचीच असेल तर ती टीबीसाठी तपासा. शुगरच्या पेशंटला टीबी होण्याची शक्यता इतरांच्या दोन-तीन पट असते. वजन उतरतंय आणि छातीचा आजार होऊन गेलाय, अशा वेळी डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. शुगर ताब्यात नसली तरीही वजन असंच उतरतं, म्हणून एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, पण करून घ्या. कारण कळल्याशिवाय नुसतं 'पौष्टिक खा' म्हणण्यात अर्थ नाही.

क्रिएटिनिनबद्दल आणखी एक. मोठ्या आजारपणात ते तात्पुरतं वाढतं. आत्ताच्या आकड्यावरून किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ३९ च्या आसपास येते. पण तीन महिन्यांनी पुन्हा तपासून तेवढीच राहिली तरच तो जुनाट आजार म्हणायचा. तेव्हा आज दिलेला आहार कायमचा नाही. माझ्याकडच्या प्रत्येक कागदावर मी तारीख टाकते आणि पुढची रक्ततपासणी कधी तेही लिहिते, कारण माणसाचा रिपोर्ट बदलला की ताट बदलायला हवं. गोळ्यांचा डोस आपण वेळोवेळी बदलून घेतो. आहाराचा कागद मात्र फ्रिजवर चिकटवून वर्षानुवर्षं तसाच ठेवतो.

आता, उपचारात आहाराला खरंच जागा आहे का, त्याचा पुरावा काय? स्वित्झर्लंडमधल्या आठ हॉस्पिटलांत झालेला, २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक अभ्यास मी डॉक्टरमंडळींना नेहमी सांगते. कुपोषणाचा धोका असलेले दोन हजारांवर अ‍ॅडमिट पेशंट त्यांनी घेतले. अर्ध्यांना हॉस्पिटलचं नेहमीचं जेवण दिलं. उरलेल्यांच्या प्रत्येकाच्या कॅलरी नि प्रोटीनची गरज मोजून, त्याला काय आवडतं, काय गिळता येतं ते बघून आहार आखला, आणि तो पोटात जातोय का हे रोज पाहिलं. महिन्याभरात नेहमीच्या जेवणाच्या गटातले जवळजवळ १० टक्के पेशंट दगावले, आखून दिलेल्या गटातले ७ टक्के. मृत्यू, आयसीयूत जाणं, मोठी गुंतागुंत होणं अशा वाईट घटना एकत्र मोजल्या तरी त्या गटात कमी भरल्या. तिथं जनुकांची चाचणी नव्हती. पेशंटच्या पोटात किती गेलं हे आहारतज्ज्ञ दर एक-दोन दिवसांनी बघून आहार बदलत होता. आपल्या वॉर्डात पेशंटनं दोन दिवस काही खाल्लं नाही हे बहुतेक वेळा फक्त त्याच्या बायकोला माहीत असतं, आणि तिला कुणी विचारत नाही.

टीबीबद्दल आपल्याच देशातलं मोठं काम आहे. मंगळूरच्या येनपोया मेडिकल कॉलेजातल्या डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये 'रेशन्स' नावाचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. टीबीच्या पेशंटला सहा महिने दरमहा १० किलोची शिधा-टोपली दिली, दिवसाला १२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रोटीन भरेल अशी. काही घरांत कुटुंबातल्या माणसांनाही धान्य नि डाळ दिली. त्या घरांतल्या माणसांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. आणि ज्या पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसलं. निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायका चहा-बटरवर दिवस काढतात, त्यांतल्या एखादीला टीबी निघाला तर मी पहिल्यांदा वजनकाट्यावर उभी करते. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. ते खात्यावर येतात का, आणि त्यातून अंडी, शेंगा, दूध यांतलं काय आणायचं, हे त्या बाईबरोबर बसून ठरवावं लागतं. नाहीतर ते पैसे मुलांच्या फीमध्ये जातात.

मग वैयक्तिक आहार ठरवायचा कसा? मी सुरुवात घरच्या भांड्यांपासून करते. पहिल्यांदा येताना घरातली रोजची वाटी आणि आमटीची पळी पिशवीत घालून आणा, असं मी सांगते. चार्टमध्ये 'एक वाटी' लिहिलेलं असतं तेव्हा ती १५० मिलिलिटरची धरलेली असते. घरून येते ती वाटी कधी कधी २५० मिलिलिटरची भरते. माझ्या टेबलावर वजनकाटा आणि जोंधळ्याच्या पिठाचा डबा असतो. भाकरी करणाऱ्या बाईला मी सांगते, एका भाकरीला घेता तेवढं पीठ काढा बघू. येळ्ळूरकडचं एक जोडपं आलं होतं. काका म्हणाले, "भात सोडलो मॅडम, नुस्ती भाकरी खातो, तरी शुगर काय उतरंना बघा." किती भाकऱ्या? "तीनच की." काकूंनी सवयीनं ओंजळ भरून पीठ काट्यावर ठेवलं, ११० ग्रॅम. तिन्हींचं मिळून ३३० ग्रॅम पीठ एका जेवणात. भात सोडून काकांच्या पोटात पिष्टमय पदार्थ वाढलेच होते. काकू काट्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनीच पीठ कमी करत करत ५० ग्रॅमवर आणलं आणि म्हणाल्या, "एवढ्याची पातळ थापायची म्हणा." तिथून पुढं मला फारसं बोलावं लागलं नाही.

भात पूर्ण बंद करायचा सल्ला मला मान्य नाही. बेळगाव-खानापूरच्या भातशेतीच्या पट्ट्यात ज्या माणसानं जन्मभर भात खाल्लाय, त्याचा भात काढला की तो जेवणच कमी करतो, आणि तुमच्या वडिलांचं नेमकं हेच झालंय. भात मोजून, आमटी-भाजीबरोबर खाल्ला तर चालतो. आधी भाजी आणि डाळ-उसळ, मग भात, एवढा क्रम बदलला तरी पुष्कळांची जेवणानंतरची साखर कमी चढते.

पण 'पुष्कळांची' म्हणजे तुमच्या वडिलांची असं नाही, आणि खरं वैयक्तिक शास्त्र इथं सुरू होतं. इस्राएलच्या वाइझमान संस्थेनं २०१५ मध्ये ८०० माणसांच्या अंगावर साखर मोजणारे सेन्सर लावून बघितलं. तेच अन्न खाऊन एकाची साखर झपकन वर गेली, दुसऱ्याची जेमतेम हलली. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या हजारभर लोकांवर, त्यांत बरेच जुळे, 'प्रेडिक्ट' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकसारखी जनुकं असलेल्या जुळ्या भावंडांतही एकाच जेवणाला वेगवेगळा प्रतिसाद दिसला. म्हणजे जनुकं सारखी असूनही शरीर वेगळं वागतं. झोप, आतड्यातले जिवाणू, जेवणाची वेळ, आदल्या दिवशीचे कष्ट, सगळं त्यात येतं.

त्या कंपनीच्या प्रश्नाचं उत्तर इथंच मिळतं. अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ लोकांवर वर्षभर एक प्रयोग झाला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींना कमी चरबीचा आहार, काहींना कमी पिष्टमय आहार. ज्या जनुकांवरून कुणाला कुठला आहार मानवेल असं सांगितलं जात होतं, ती जनुकं आधी तपासून ठेवली होती. शेवटी वजन कुणाचं किती उतरलं याचा त्या जनुकांशी संबंध लागला नाही. काही ठराविक आजारांत जनुकं नक्की महत्त्वाची आहेत, उदाहरणार्थ जन्मतः असणारे चयापचयाचे विकार. त्यासाठी डॉक्टर स्वतः चाचणी सांगतात. तुमच्या वडिलांना त्या पैशांची गरज दुसरीकडे आहे.

त्याऐवजी घरचा ग्लुकोमीटर वापरा. एक दिवस नेहमीचा मोजलेला भात, आमटी, भाजी. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा साखर बघा. दुसऱ्या दिवशी तीच आमटी-भाजी आणि भाताऐवजी दोन पातळ भाकऱ्या. तिसऱ्या दिवशी निम्मा भात, एक भाकरी. वहीत लिहा. आठवड्याभरानं पुन्हा तेच करा, कारण एका दिवसाच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. माझ्याकडं असे पेशंट आहेत की ज्यांना भात आणि भाकरी यांत दहा-पंधराचासुद्धा फरक पडत नाही, आणि असेही आहेत की ज्यांची भातानंतर साखर भाकरीपेक्षा पन्नास-साठनं जास्त चढते. तुमचे वडील कुठल्या गटात बसतात हे बारा पट्ट्यांच्या खर्चात कळेल.

एक समज मात्र काढून टाका: बारीक माणसाला काय करायचाय आहार, हा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन या दोघांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेला फोटो आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. आपली माणसं दिसायला सडसडीत असून पोटाशी चरबी आणि हातापायांना स्नायू कमी, अशी असतात. वडिलांचे सहा किलो उतरले त्यांत स्नायू किती गेला हे महत्त्वाचं आहे. दंडाचा घेर मोजा, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का बघा. वजन परत आणायचंय ते स्नायूंच्या रूपात. त्यासाठी पुरेसं प्रोटीन हवं आणि थोडं चालणं, उठबस हवी.

आणि प्रोटीनचाच भाग सगळ्यात नाजूक आहे. 'किडनी म्हटलं की डाळ बंद' हे मी रोज ऐकते. डायलिसिस नसलेल्या, तुमच्या वडिलांसारख्या पेशंटला दर किलोला साधारण ०.८ ग्रॅम प्रोटीन चालतं, म्हणजे दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास. डाळ, दूध, अंडं सगळंच तोडलं तर पेशंट तीस ग्रॅमवर येतो आणि अंगातला स्नायू जाळायला लागतो. उलट डायलिसिस सुरू झालं की गरज वाढते, दर किलोला १ ते १.२ ग्रॅम, कारण डायलिसिसमध्येही प्रोटीन वाहून जातं. पण घरात जुना कागद तसाच असतो. डायलिसिसला लागून वर्ष झालेला माणूस अजून 'डाळ वर्ज्य' पाळतो, अंगावर सूज, बोलायला धाप, आणि घरच्यांना वाटतं आजारच असा आहे. वैयक्तिक आहार नसल्याची इतकी मोठी किंमत मी दुसऱ्या कुठल्या आजारात बघितली नाही.

पोटॅशियमचंही तसंच. ते सगळ्याच किडनी पेशंटना कमी करावं लागत नाही. ज्याच्या रिपोर्टमध्ये वाढलंय त्यालाच. तुमच्या वडिलांचं वाढलंय. आधी गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, कारण बीपीच्या काही गोळ्या, टेल्मिसार्टनसारख्या, पोटॅशियम थोडं वाढवतात. स्वतःहून ती गोळी बंद करू नका, किडनीसाठी तीच कामाची असते. शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर या ईजीएफआरला त्याचा डोसही डॉक्टरांनी पुन्हा बघायला हवा. आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतलं असेल तर बी १२ जीवनसत्त्व तपासून घ्या, हातपाय बधिर होणं दरवेळी शुगरमुळेच असतं असं नाही. खाण्यात शहाळं, केळी, रताळी, टोमॅटोचं सार, सुका मेवा सध्या बाजूला ठेवा. बटाटा नि पालेभाजी खायचीच असेल तर बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. आमटीला तुरीऐवजी मसूर वापरा, तुरीपेक्षा मसुरात पोटॅशियम बरंच कमी असतं, आणि आपल्याकडं भात निघाल्यावर त्याच शिवारात मसूर पेरतात, म्हणजे तो बाहेरून आणायचा पदार्थ नाही. दुकानात 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ बीपीसाठी चांगलं म्हणून कुणी आणून देईल. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. ते घरात नको.

साधं मीठ मात्र मोजा. एक किलोची पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि संपते कधी ते बघा. पाच माणसांच्या घरात ती २० दिवसांत संपत असेल तर माणशी दिवसाला १० ग्रॅम झालं. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. शिवाय लोणचं, सांडगे, पापड, सुका बांगडा यांतलं मीठ त्या पिशवीत धरलेलं नाही. आपल्या भागात ठेच्याशिवाय भाकरी उतरत नाही हे मला माहीत आहे. ठेचा करा, मीठ निम्मं घालून लिंबू पिळा.

गूळ चालतो का, असं चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यातले लोक हटकून विचारतात. शुगरला गूळ म्हणजे साखरच, आणि किडनीच्या दृष्टीनं वर पोटॅशियम.

उपवासाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरे अपघात तिथं होतात. वडील माळकरी असतील, एकादशी धरत असतील, तर 'धरू नका' म्हणून सांगण्यात अर्थ नाही. ते गुपचूप धरतील. शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन सकाळी घेतलं आणि जेवण दुपारपर्यंत पोटात गेलंच नाही, तर साखर घसरून चक्कर, घाम, कधी बेशुद्धी येते. दुपारनंतर उलट साबुदाणा, रताळं, बटाटा, केळं, शेंगदाणे असं ताट येतं, म्हणजे साखरही चढते आणि पोटॅशियमही. आषाढी एकादशीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून त्या दिवशीचा गोळ्यांचा डोस लिहून घ्या. वरईचा भात मोजून, ताक, दुधी किंवा काकडी, दर तीन-चार तासांनी थोडं थोडं. दोन वेळा साखर तपासायची, आणि ७०च्या खाली गेली की उपवास तिथंच सोडून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची. देवळातल्या महाराजांनीही हे एकदा सांगितलं तर घरच्यांच्या दहा वेळा सांगण्यापेक्षा लवकर पटतं.

आता तुमच्या घरापुरतं. सकाळी चहा बिनसाखरेचा, अर्धा कप. साडेआठला उप्पीट, ५० ग्रॅम रव्याचं, भाज्या घालून. दुपारी ८० ग्रॅम तांदळाचा भात (कच्चे तांदूळ एकदा काट्यावर मोजा आणि शिजल्यावर घरच्या वाटीनं किती होतो ते बघून ठेवा), मसुराची आमटी, उकळून पाणी काढलेली भाजी, काकडी. चार वाजता मूठभर चुरमुरे, त्यावर कांदा, फरसाण नको. रात्री जोंधळ्याच्या दोन पातळ भाकऱ्या, मिळून १२० ग्रॅम पिठाच्या, भाजी, थोडी शेंगांची चटणी. दिवसभरात दूध-दही मिळून २५० मिलिलिटर, मसूर ४० ग्रॅम, तेल पाच चमचे. खात असतील तर आठवड्यातून तीन-चार दिवस आमटी जरा कमी करून एक अंडं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांवरून हिशेब केला तर यात प्रोटीन ४५ ग्रॅमच्या आसपास आणि कॅलरी १७०० च्या जवळ भरतात. ओट्स लागले नाहीत, ब्राऊन ब्रेडही नाही. हा तुमच्यासाठी सुरुवातीचा अंदाज समजा, डॉक्टरांना आणि जवळच्या आहारतज्ज्ञाला दाखवूनच पक्का करा. अजून तोंडाला चव नसेल तर तीन मोठ्या जेवणांची सहा लहान करा, माप तेच ठेवा.

हे सगळं ज्या बाईच्या हातून होणार आहे, तिला दवाखान्यात बरोबर आणा. आमच्या भागात सीमाभागाची एक अडचण रोजची आहे. कागद इंग्रजीत, सरकारी माहितीपत्रक कन्नडमध्ये, सासू मराठी वाचते, आणि सून बैलहोंगलची, कन्नड शाळेत शिकलेली. मी आहार दोन्ही लिपींत लिहून देते, किंवा स्वयंपाक करणारीला जी वाचता येते त्या भाषेत. पेशंट स्वतः कुठली भाषा बोलतो हे त्या कागदापुरतं महत्त्वाचं नाही. आणि तिला एकदा विचारते की तू काय खातेस. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी आहे. सासऱ्यांचं ताट मोजून वाढणारी सून शेवटी उरलेल्या भातावर आमटीचं पाणी घालून जेवते. बेळगाव परिसरातही झालेल्या 'विमेन फर्स्ट' अभ्यासात गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून पूरक पोषण दिलेल्या बायकांची बाळं लांबीला जास्त भरली. घरातल्या तरुण सुनेच्या ताटाकडं डोहाळे लागेपर्यंत थांबून बघू नका. रक्तवाढीची गोळी ती घेत असेल तर चहाबरोबर घेऊ नये, निदान एक तासाचं अंतर ठेवावं, एवढं आजच सांगा.

आहारतज्ज्ञ शोधताना त्यांच्या नावापुढं आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन आहे का, हॉस्पिटलमध्ये काम केलंय का, हे विचारा. पहिल्या भेटीत रिपोर्ट न बघता पावडरचा डबा पुढं करणाऱ्याकडून उठून या. जाताना शेवटचे दोन रक्ताचे रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं (आयुर्वेदिक काढे, चूर्णसुद्धा), ग्लुकोमीटरची वही, वाटी आणि पळी न्या.

पोटॅशियम आणि क्रिएटिनिन या आठवड्यातच पुन्हा तपासा, वजन दर रविवारी सकाळी एकाच काट्यावर. पोटॅशियम ५च्या खाली आलं की फळांचं बंधन थोडं सैल करता येईल, आधी पेरू किंवा पपईच्या दोन फोडींपासून. ते ५.५ च्या वर गेलं, किंवा पायांतली ताकद गेल्यासारखी वाटली, छातीत धडधडलं, धाप लागली, लघवी कमी झाली, तर आहारात काय बदलावं हे विचारत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढायला सांगा.